जाँबों पेर्सिये : हॅम आणि पार्स्लेची बरगंडी टेरीन घरी कशी करावी

जाँबों पेर्सियेची फोड नीट कापली गेली तर ती संगमरवराच्या लादीसारखी दिसते. गुलाबी मांसाचे मोठे तुकडे, त्यांच्या फटींतून वाट काढत गेलेली, कोथिंबिरीसारखी दिसणारी हिरवीगार पार्स्ले आणि हे सगळं धरून ठेवणारी पारदर्शक जेली. हा पदार्थ बरगंडीचा, म्हणजे फ्रान्सच्या पूर्वेकडच्या बुर्गोन्य प्रांताचा. तिथल्या दिजों शहरात तो आता बाराही महिने मिळतो, पण त्याची खरी वेळ ईस्टरची. डुक्कर थंडीत कापायचं आणि मांस मिठात घालून ठेवायचं, ही खेड्यातली जुनी रीत. मग ईस्टरआधीचे चाळीस दिवस मांस वर्ज्य. ते दिवस सरले की घरात खारवलेलं हॅम तयार असे आणि परसात पार्स्लेला नवी पालवी फुटलेली असे. दोन्ही एका भांड्यात आली आणि हा पदार्थ झाला.

‘जाँबों’ म्हणजे हॅम, डुकराच्या मागच्या पायाचं खारवलेलं मांस; ‘पेर्सिये’ म्हणजे पार्स्ले घातलेलं. फ्रेंच लोक हाच शब्द निळ्या-हिरव्या रेषा असलेल्या चीजलाही वापरतात, आणि चरबीच्या बारीक शिरा पसरलेल्या मांसालाही. ‘टेरीन’ मुळात भांड्याचं नाव. फ्रेंचमध्ये ‘तेर’ म्हणजे माती, मातीचं भांडं ते टेरीन. पुढे त्यात थापलेल्या पदार्थालाही तेच नाव पडलं. बरगंडीतल्या घरांत मात्र हा पदार्थ लांबट टेरीनऐवजी खोल वाडग्यातही लावतात. उलटा केला की घुमट तयार होतो. मला स्वतःला घुमटच आवडतो. पहिल्यांदा करणाऱ्याने मात्र लांबट साचा घ्यावा, त्यातून फोडी सारख्या निघतात.

कृतीकडे जाण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. या पदार्थात मांस शिजवणं सोपं आहे, पार्स्ले चिरणं सोपं आहे. सगळी परीक्षा जेलीची. ती घट्ट हवी, पण रबरासारखी नको. खारट हवी, पण खारी नको. आणि जिभेवर ठेवताच विरघळायला हवी. पाया सूप रात्री फ्रिजमध्ये राहिलं की सकाळी थरथरतं, हे आपल्याकडे अनेक घरांत पाहिलेलं असतं. तेच तत्त्व इथे आहे. पायांच्या कातडीत, स्नायुबंधांत आणि सांध्यांत कोलॅजन नावाचं प्रथिन भरपूर असतं. ते मंद आचेवर तासन् तास शिजलं की त्याचं जिलेटिन होतं आणि गार झाल्यावर ते पाणी धरून ठेवतं. पुडीतलं जिलेटिन वापरूनही टेरीन उभी राहते, पण त्या जेलीला स्वतःची चव नसते. म्हणून डुकराचे पाय मिळवायचा प्रयत्न आधी करा.

किती दिवस लागतात

रविवारी दुपारी खायचं असेल तर आदल्या रविवारी मांस मिठाच्या पाण्यात घाला. शुक्रवारी शिजवा आणि त्याच संध्याकाळी साच्यात लावा. शनिवारचा पूर्ण दिवस टेरीनला फ्रिजमध्ये राहू द्या. तसं पाहिलं तर बारा तासांतही ती बसते. पण लसूण, व्हिनेगर आणि पार्स्ले यांचा कच्चेपणा जाऊन चव एकजीव व्हायला दुसरा दिवस लागतो.

साहित्य : दहा जणांसाठी, साधारण २ लिटरचा साचा

डुकराच्या मागच्या पायाचं बिनहाडाचं मांस ९०० ग्रॅम
खांद्याचं मांस ६०० ग्रॅम
डुकराचे पाय २, उभे चिरून आणलेले
कोरडी पांढरी वाइन १ बाटली (७५० मिली)
गाजरं २, कांदा १ (त्यात २ लवंगा खोचून), सेलरीचा १ दांडा
लसणाच्या पाकळ्या ४ शिजवण्यासाठी, ३ नंतरसाठी
तमालपत्र २, थाइमच्या ४-५ काड्या, काळी मिरी १२ दाणे
पार्स्लेच्या २ मोठ्या जुड्या (पानं खुडून १०० ते १२० ग्रॅम)
शॅलट (छोट्या कांद्यांचा एक प्रकार) ४
पांढऱ्या वाइनचं व्हिनेगर २ ते ३ मोठे चमचे
जायफळ चिमूटभर, ताजी भरडलेली मिरी
खारवण्यासाठी मीठ ९० ग्रॅम, साखर ३० ग्रॅम (मिठाचा तपशील पुढे)

मांस आणताना

मागच्या पायाचं मांस कोरडं आणि लांब धाग्यांचं असतं. त्याची फोड सुंदर दिसते. खांद्यात चरबी आणि पडदे जास्त, त्यामुळे तो मऊ आणि ओलसर राहतो. नुसत्या मागच्या पायाची टेरीन मी करून पाहिली आहे. खाताना घास कोरडा लागतो. दोन्ही मिळूनच घ्या.

गोव्यात, वसईत किंवा मुंबईत वांद्र्याला डुकराचं मांस विकणाऱ्या दुकानात पाय सहज मिळतात आणि स्वस्तही असतात. दुकानदाराकडूनच उभे चिरून घ्या, घरच्या सुरीने ते होत नाही. केस राहिले असतील तर गॅसच्या ज्योतीवर जाळून कातडी सुरीने खरवडा. मांस निरखून बघा. त्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी दिसल्या तर ते घेऊ नका. त्या पट्टकृमीच्या अळ्या असू शकतात. वास स्वच्छ हवा आणि बोटाने दाबल्यावर मांस परत वर यायला हवं.

डुकराचे पाय मिळालेच नाहीत तर शेळीचे चार पाय घ्या. जेली उत्तम बसते, पण बकऱ्याचा वास थोडा उतरतो. तेव्हा तमालपत्र आणि थाइम किंचित वाढवा. फ्रान्समध्ये बरेच जण वासराचा पाय घालतात. नुसत्या डुकराच्या पायांवरही काम व्यवस्थित होतं.

खारवणं

हॅमचा गुलाबी रंग नायट्राइट नावाच्या क्षारामुळे येतो. मांसातल्या मायोग्लोबिन या रंगद्रव्याशी त्याचा संयोग होतो आणि शिजवल्यावरही रंग गुलाबी राहतो. हॅमची ती खास चवही त्यातूनच येते. साध्या मिठात खारवलेलं मांस शिजल्यावर करड्या-तपकिरी रंगाचं होतं. ते चवीला वाईट नसतं, फक्त ‘हॅम’ वाटत नाही, थंड उकडलेलं मांस वाटतं.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

पहिली वाट नायट्राइटयुक्त मिठाची. फ्रान्समध्ये शार्क्युतिए, म्हणजे डुकराच्या मांसाचे पदार्थ करून विकणारे लोक, जे मीठ वापरतात त्यात नायट्राइट फक्त ०.६ टक्के असतं. हे मीठ मिळालं तर ४५ ग्रॅम ते आणि ४५ ग्रॅम साधं मीठ, असं मिळून ९० ग्रॅम घ्या. ऑनलाइन जे गुलाबी रंगाचं ‘क्युअरिंग सॉल्ट’ मिळतं, त्यात बहुधा ६.२५ टक्के नायट्राइट असतं, म्हणजे दसपट तीव्र. त्याचं प्रमाण फक्त साडेचार ग्रॅम आणि साधं मीठ ८५ ग्रॅम. पाकिटावरची टक्केवारी वाचल्याशिवाय पुडी उघडूसुद्धा नका. मोजायला दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटाच हवा, चमच्याने मोजू नका. नायट्राइट जास्त झालं तर विषारी आहे. पुडीवर मोठ्या अक्षरांत लिहून ती स्वयंपाकघराच्या मिठापासून दूर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. हिमालयातलं गुलाबी सैंधव वेगळं. त्याचा याच्याशी काही संबंध नाही आणि त्याने रंगही येत नाही.

दुसरी वाट साध्या मिठाची, ९० ग्रॅम. रंग सोडून द्यावा लागतो.

तिसरी वाट परदेशात राहणाऱ्यांना सोपी आहे. खाटकाकडून खारवलेला पण कच्चा, न कापलेला हॅमचा तुकडा आणायचा. ब्रिटनमध्ये त्याला गॅमन म्हणतात. फ्रान्समध्ये ‘देमी-सेल’, म्हणजे अर्धं खारवलेलं, असं सांगितलं की मिळतं. तो रात्रभर गार पाण्यात भिजवून ठेवायचा आणि थेट शिजवायला घ्यायचा. सँडविचसाठी मिळणाऱ्या पातळ चकत्यांचं हॅम इथे अजिबात चालत नाही. ते आधीच शिजलेलं असतं, त्यात पाणी भरलेलं असतं आणि स्टॉकला, म्हणजे मांस शिजवलेल्या पाण्याला, ते काहीच देत नाही.

घरी खारवणार असाल तर मांसाचे ४००-५०० ग्रॅमचे तुकडे करा. दीड लिटर पाण्यातलं अर्धं गरम करून त्यात मीठ आणि साखर विरघळवा, उरलेलं गार पाणी मिसळा आणि हे सगळं फ्रिजमध्ये पूर्ण थंड होऊ द्या. कोमट पाण्यात मांस कधीही घालू नका. नायट्राइटचं मीठ पाणी थंड झाल्यावरच मिसळा. मग मांस त्यात बुडवून वर एक ताटली दाबून ठेवा, म्हणजे तुकडे तरंगणार नाहीत. भांडं स्टीलचं, काचेचं किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकचं असावं, ॲल्युमिनियमचं नको. पाच दिवस ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात ठेवा आणि रोज एकदा तुकडे उलटे करा.

दीड किलो मांस, दीड लिटर पाणी आणि ९० ग्रॅम मीठ या हिशेबात मीठ एकूण वजनाच्या ३ टक्के होतं. मांस आणि पाणी यांच्यात ते हळूहळू सारखं वाटलं जातं, त्यामुळे एखादा दिवस जास्त झाला तरी मांस कडक खारट होत नाही. नवशिक्याला ही पद्धत भरवशाची, म्हणून मी तीच सांगते.

शिजवणं

पाचव्या दिवशी मांस धुऊन तासभर गार पाण्यात ठेवा. तोवर पायांकडे वळा. पाय गार पाण्यात घालून उकळी आणा, पाच मिनिटं खळखळू द्या, ते घाणेरडं पाणी फेकून द्या आणि पाय नळाखाली चोळून धुवा. हा टप्पा गाळला तर जेली करडी आणि गढूळ होते, नंतर कितीही गाळली तरी.

आता एक उंच, जाड बुडाचं, फार रुंद नसलेलं पातेलं घ्या. रुंद पातेल्यात मांस बुडवायला जास्त पाणी लागतं आणि जेली पातळ होते. त्यात पाय, पूर्ण बाटली वाइन आणि दीड लिटर पाणी घालून मंद आचेवर ठेवा. दीड तास नुसते पाय शिजू द्या. ते मांसापेक्षा बरेच उशिरा मऊ होतात, म्हणून त्यांना आधी घालायचं.

वाइनबद्दल थोडं. बरगंडीत यासाठी आलिगोते नावाच्या द्राक्षाची वाइन घेतात. ती हलकी, कोरडी आणि चांगली आंबट असते. दिजोंचे १९४५ ते १९६८ पर्यंतचे महापौर फेलिक्स कीर यांच्या नावाने ओळखलं जाणारं ‘कीर’ हे पेयही याच वाइनमध्ये ब्लॅककरंट या काळ्या बेरीचं लिकर, म्हणजे गोड मद्य, घालून करतात. आलिगोते आपल्याकडे सहसा मिळत नाही. नाशिकच्या द्राक्षांची कोरडी सोव्हिन्यों ब्लाँ चांगली चालते, तिचा हिरवट गंध पार्स्लेशी जुळतो. शेनिन ब्लाँ घेणार असाल तर ती कोरडी आहे याची खात्री करून घ्या. गोडसर वाइनने अख्खी टेरीन बिघडते, कारण आटवताना साखरही घट्ट होत जाते. वाइन न घालता करायचं असेल तर पाणी आणि थोडं जास्त व्हिनेगर घालून काहीतरी छान होईल, पण ते जाँबों पेर्सिये नसेल. या टेरीनच्या चवीला खोली वाइनमधून येते.

दीड तासाने खारवलेलं मांस, गाजरं, लवंगा खोचलेला कांदा, सेलरी, चार पाकळ्या लसूण, मिरी, आणि तमालपत्र-थाइम-पार्स्लेच्या देठांची दोऱ्याने बांधलेली जुडी घाला. ही जुडी म्हणजेच फ्रेंच स्वयंपाकातलं ‘बूके गार्नी’. मांस जेमतेम बुडेल एवढंच पाणी वाढवा. मीठ घालू नका. मांसातून पुरेसं उतरतं. वर येणारा फेस झाऱ्याने काढत राहा.

इथून पुढे आच हेच काम. पृष्ठभाग थरथरावा, कडेला अधूनमधून एखादा बुडबुडा फुटावा, बस्स. थर्मामीटर असेल तर ८५ ते ९० अंश. खळखळून उकळलं तर दोन नुकसानं होतात : मांसाचे धागे आवळून रस पिळून टाकतात आणि सुटलेली चरबी घुसळली जाऊन स्टॉक दुधाळ होतो. मांसाला अडीच ते तीन तास लागतात. काटा सहज आत गेला पाहिजे, पण तुकडा विस्कटता कामा नये. धागे धागे होईपर्यंत शिजवलं तर फोड कापताना ती भुसभुशीत होते.

प्रेशर कुकर? पायांपुरता चालेल, ४० मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. स्टॉक मात्र तितका स्वच्छ राहत नाही. मांसासाठी कुकर नको.

गॅस बंद केल्यावर मांस अर्धा तास त्याच स्टॉकमध्ये राहू द्या, मग बाहेर काढून झाकून ठेवा. उघडं राहिलं तर वरचा थर वाळतो.

जेली

स्टॉक आधी गाळणीतून, मग ओल्या मलमलच्या कापडातून गाळा. कापड पिळू नका. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवलं की चरबी वर येते. ती काढून टाका.

आता हिशेब समजून घ्या, कारण इथेच सगळे फसतात. मीही फसले होते. हातात साधारण दोन लिटर स्टॉक असेल. जेली घट्ट व्हावी म्हणून तो सगळा आटवून पाऊण लिटरवर आणला, तर जिलेटिनबरोबर मीठही तेवढंच घट्ट होतं. पहिल्या वेळी माझी जेली आरशासारखी स्वच्छ होती आणि इतकी खारी की कोणी दुसरी फोड घेतली नाही. म्हणून स्टॉकमधून फक्त १ लिटर वेगळा घ्या आणि तो ७०० मिलीपर्यंत आटवा. बाकीचा बाजूला ठेवा, त्याचा उपयोग शेवटी सांगते.

आटवण्याआधी एकदा चाखा. आधीच मिठाची बाजू पुरेपूर असेल तर मुळीच आटवू नका.

मग बशीची परीक्षा. फ्रिजमध्ये थंड केलेल्या बशीत दोन चमचे स्टॉक ओता आणि १५ मिनिटं पुन्हा फ्रिजमध्ये ठेवा. बशी तिरकी केली तरी तो हलता कामा नये, आणि बोटाने ढकलल्यावर त्यावर सुरकुती न पडता स्वच्छ चीर पडली पाहिजे. त्याच वेळी ती थंड जेली चाखून बघा. गरम स्टॉक चाखून मिठाचा अंदाज कधीच बरोबर येत नाही, कारण थंडपणा मीठ आणि आंबट दोन्ही दाबतो. गरम असताना ‘किंचित जास्त’ वाटलं तर थंड झाल्यावर ते बरोबर असतं.

जेली सैल बसली पण मीठ पुरेसं आहे, अशा वेळी पुडीतलं जिलेटिन जरूर वापरा. त्यात कमीपणा नाही. ७०० मिलीला ५ ग्रॅमपासून सुरुवात करा. ते चार चमचे गार पाण्यात दहा मिनिटं फुगवा, कोमट-गरम स्टॉकमध्ये विरघळवा आणि बशीची परीक्षा पुन्हा घ्या. जिलेटिन घातल्यावर स्टॉक उकळू नका. चायना ग्रास मात्र नको. ते तोंडात विरघळत नाही, दाताखाली तुटतं, आणि या पदार्थात ते फार परकं वाटतं.

व्यावसायिक लोक अंड्याच्या पांढऱ्याने स्टॉक आणखी नितळ करतात. घरी त्याची गरज नाही. मंद आच सांभाळली असेल तर मलमल पुरते.

पार्स्ले

पुण्या-मुंबईत ज्या भाजीवाल्याकडे ब्रोकोली आणि झुकिनी असते, त्याच्याकडे पार्स्ले मिळते. सपाट पानांची आणि कोथिंबीर दिसायला जवळपास सारख्याच असतात, म्हणून पान चुरडून वास घ्या. कोथिंबीर इथे चालणार नाही. ती चवीची चांगली असली तरी तिचा वास वाइन आणि हॅम दोघांवर बसतो.

पानं धुऊन पंच्यावर पसरून पूर्ण कोरडी करा. ओली पार्स्ले चिरली की गोळा होतो आणि तिचं पाणी जेली पातळ करतं. धारदार सुरीनेच चिरा. मिक्सरमध्ये लगदा होऊन रंग काळवंडतो. फार बारीक करू नका, तुकडे डोळ्यांना दिसायला हवेत. शॅलट आणि तीन पाकळ्या लसूण मात्र अगदी बारीक. शॅलट नसतील तर सांबाराचे छोटे कांदे घ्या. चिरलेलं सगळं एकत्र करून त्यात दोन चमचे व्हिनेगर, भरडलेली मिरी आणि जायफळ मिसळा.

ढीग मोठा दिसेल. घाबरून कमी करू नका. दिजोंच्या चांगल्या दुकानातल्या फोडीत हिरवा रंग गुलाबीच्या बरोबरीने असतो.

साच्यात लावणं

मांसावरची जाड चरबी आणि कडक पडदे काढा, पण थोडी चरबी राहू द्या. तुकडे अक्रोडाएवढे, काही त्याहून मोठे. सगळे एकसारखे कापले तर फोड यांत्रिक दिसते. पायांची मऊ झालेली कातडी आणि स्नायुबंध हाडांपासून सोडवा. लहान हाडं बरीच असतात, बोटांनी चाचपून सगळी काढा. हा ऐवज बारीक चिरून मांसात मिसळा, त्याने घट्टपणा येतो आणि घास रेशमी लागतो.

साच्याला आतून क्लिंग फिल्म लावा, कडा बाहेर लोंबू द्या. साचा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. स्टॉक आता एवढा गार हवा की बोट घातलं तर थंड लागेल, पण अजून वाहता असेल. ओतताना तेलासारखा जड पडेल. पार्स्लेला गरम स्टॉक लागला तर तासाभरात ती लष्करी गणवेशाच्या रंगाची होते. स्टॉक घट्ट होऊ लागला तर गरम पाण्यावर क्षणभर धरा.

तळाशी अर्धा सेंटिमीटर स्टॉक ओतून त्यावर पार्स्ले पसरा आणि फ्रिजमध्ये दहा मिनिटं ठेवा. हा थर उलटल्यावर वर येणार आहे, तो नीट बसू द्या. मग मांसाचा थर, भरपूर पार्स्ले, एक डाव स्टॉक, पुन्हा मांस. लांबट साच्यात तुकड्यांचे धागे साच्याच्या लांबीच्या दिशेने ठेवा, म्हणजे फोड कापताना सुरी धाग्यांना आडवी जाते आणि घास मऊ लागतो. प्रत्येक थरानंतर साचा ओट्यावर हलकेच आपटा, अडकलेली हवा वर येते. शेवटी सगळं मांस स्टॉकने झाकलं गेलं पाहिजे. ५०० ते ६०० मिली एवढ्यात लागतो. उरलेला जवळ ठेवा, दुसऱ्या दिवशी वर खळगा पडला तर तो कोमट करून भरता येतो.

फिल्मच्या कडा वर ओढून झाका. साच्यात बसेल अशी पुठ्ठ्याची पट्टी ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून वर ठेवा आणि त्यावर साधारण किलोभर वजन ठेवा. अर्ध्या लिटरची दुधाची दोन पाकिटं नेमकं काम करतात. जास्त वजन ठेवलं तर जेली पिळून कडेने बाहेर येते आणि आत फक्त मांस उरतं. साच्याखाली ताटली ठेवा. तीन-चार तासांनी जेली धरली की वजन काढा आणि टेरीन दुसरा पूर्ण दिवस तशीच राहू द्या.

एक सावधगिरी : शिजल्यापासून फ्रिजमध्ये जाईपर्यंत मांस दोन तासांहून जास्त बाहेर राहू नये. आपल्या उकाड्यात ही मर्यादा आणखी कमी धरा आणि स्टॉक गार करायला बर्फ वापराच.

कापणं आणि वाढणं

साचा गरम पाण्यात दहा सेकंद बुडवा, फिल्मच्या कडा ओढून सैल करा आणि ताटावर उलटा. लांब, पातळ, धारदार सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा आणि एका लांब ओढीत कापा. प्रत्येक फोडीनंतर सुरी पुन्हा बुडवून पुसायची. फोड बोटभर जाडीची. त्याहून पातळ केली तर तुटते.

फ्रान्समध्ये टेरीन वाढण्याआधी थोडा वेळ बाहेर ठेवतात, म्हणजे चव खुलते. कोकणात किंवा मुंबईत एप्रिल-मेमध्ये हे करू नका. जिलेटिनची जेली तिशीच्या तापमानाला वितळू लागते, आणि आपलं स्वयंपाकघर तेवढं तापलेलं असतंच. ताटल्या आधी फ्रिजमध्ये थंड करा, फोडी मेजावर नेण्याच्या क्षणी कापा.

सोबत दिजों मोहरी, व्हिनेगरमधल्या छोट्या आंबट काकड्या, म्हणजे कॉर्निशों, आणि जाड सालीचा पाव. लोणी नको, पदार्थात पुरेशी चरबी आहे. उकडलेले बटाटे थोड्या व्हिनेगर-तेलात घोळून दिले तर पूर्ण जेवण होतं. गोव्यातल्या लोकांना डुकराचं मांस आणि व्हिनेगर ही जोडी नवी नाही. त्यांना यातला आंबटपणा पहिल्या घासातच ओळखीचा वाटतो.

फ्रिजमध्ये, फिल्मने नीट झाकून, टेरीन चार ते पाच दिवस टिकते. फ्रीझरमध्ये ठेवू नका. वितळताना जेलीतलं पाणी सुटतं आणि फोडी ओल्या स्पंजासारख्या होतात.

बाजूला ठेवलेला लिटरभर स्टॉक फेकायचा नाही. अख्खे मसूर धुऊन अर्धा स्टॉक आणि अर्धं पाणी अशा मिश्रणात गाजर आणि कांदा घालून मंद शिजवा. मीठ वरून घालावं लागत नाही. टेरीनच्या कडेच्या तुटलेल्या फोडी शेवटच्या दोन मिनिटांत त्यात टाका. जेली विरघळून मसुरांना चकाकी येते, आणि पार्स्ले वेगळी चिरावी लागत नाही.